अकराशे एकरांचे यजमान : हर्मन कॅलनबाख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र मागितले तेव्हा त्यांच्या मनात टिळक, आगरकर, गोखले यांच्यापैकी कोणीतरी असावे. आम्ही एका जर्मन ज्यू वास्तुविशारदाचे नाव सुचविले आणि बैठकीत क्षणभर शांतता पसरली. परमुलखात पन्नास वर्षे टिकून राहिलेल्या मराठी मंडळाच्या अंकात या परक्या गृहस्थाचे काय काम, असे कोणी बोलून दाखविले नाही; तरी तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आम्हांला भाग आहे.

उत्तर गोखल्यांपासूनच सुरू करतो. १९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गच्या स्थानकावर त्यांच्या स्वागतासाठी जी शोभिवंत कमान उभारली होती तिची आखणी कॅलनबाख यांची. त्या मुक्कामात गोखले ज्या टेकडीवरच्या टुमदार घरी राहिले ते घरही कॅलनबाख यांचे. त्याच शहरात केवळ हिंदी लोकांची एक सभा व्हावयाची होती. गोखल्यांचे इंग्रजी अस्खलित. पण गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याची विनंती केली. सभेला काही महाराष्ट्रीय हिंदू होते आणि कोकणी मुसलमान होते. गांधीजींना मराठी कितपत कळते याविषयी गोखल्यांनी थोडी थट्टा केली, पण विनंती मान्य केली. आणि तेथून थेट झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीतच बोलत गेले व गांधीजी त्याचा हिंदुस्थानीत अनुवाद करीत गेले. कोतळूक गावचा सुपुत्र, समोर रत्नागिरीकडची माणसे आणि मध्ये सारा हिंदी महासागर! घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. याच दौऱ्यात गोखले एका शेतवाडीवर जाऊन राहिले, आणि ती शेतवाडी ज्यांनी दिली त्यांची ही हकीकत आहे.

हर्मन कॅलनबाख यांचा जन्म १ मार्च १८७१ चा. त्यांचे बालपण बाल्टिक समुद्राजवळ, आज लिथुआनियात असलेल्या रुस या गावी गेले. त्या काळी तो पूर्व प्रशियाचा भाग होता. वास्तुशास्त्राचे शिक्षण स्टुटगार्ट व म्युनिक येथे झाले. शरीर कमावण्याचा त्यांना नाद होता, आणि त्या काळचा जगप्रसिद्ध मल्ल सँडो याच्या पद्धतीने त्यांनी ते कमावलेही होते. १८९६ च्या सुमारास ते दक्षिण आफ्रिकेत आले. सोन्याच्या खाणींमुळे जोहान्सबर्ग तेव्हा झपाट्याने वाढत होते. अशा शहरात वास्तुविशारदाला कामाची वाण पडत नाही. कॅलनबाख यांनी थोड्याच वर्षांत पुष्कळ पैसा मिळविला व तितक्याच मोकळ्या हाताने खर्चही केला. घरभाडे वगळून त्यांचा एकट्याचा खर्च महिन्याला १,२०० रुपये होता. ते अविवाहित होते व अखेरपर्यंत तसेच राहिले.

गांधीजींशी त्यांची ओळख झाली ती बौद्ध धर्म आणि टॉलस्टॉयचे विचार या समान आवडींतून. ओळखीचे स्नेहात आणि स्नेहाचे सहवासात रूपांतर होण्यास काही वर्षे गेली. १९०८ व १९०९ या काळात दोघे जोहान्सबर्गच्या ऑर्चर्ड्स भागात कॅलनबाख यांनी बांधलेल्या घरात एकत्र राहिले. आफ्रिकी झोपडीच्या धर्तीचे ते घर आजही उभे आहे आणि सत्याग्रह हाउस या नावाने ओळखले जाते. १,२०० रुपयांचा खर्च १२० वर आला तो या सहवासात. हा आकडा वाचून आमच्यासारख्या पगारदारास प्रथम कौतुक वाटते आणि मग थोडी शंका येते. खर्च कमी करणे हे श्रीमंताला हौसेनेही जमते. खरी परीक्षा पुढे होती.

ती परीक्षा समजण्यासाठी ट्रान्सवालमधील परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०७ च्या कायद्याने प्रत्येक हिंदी माणसाला बोटांचे ठसे देऊन परवाना घेणे सक्तीचे झाले. त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, माणसे तुरुंगात जाऊ लागली, सुटून आली की पुन्हा जाऊ लागली. फेरीवाले, छोटे दुकानदार, मजूर अशी ही माणसे. कमावता गडी तुरुंगात गेला की घरची चूल कोणी पेटवायची? सत्याग्रहाच्या फंडातून अशा कुटुंबांना गरजेप्रमाणे दरमहा पैसे दिले जात. हिंदुस्थानातून मदत येत होती. १९०९ मध्ये रतनजी जमशेटजी टाटा यांनी २५,००० रुपये दिले. तथापि लढा किती वर्षे चालेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि फंड वर्षांच्या हिशेबाने पुरणारा नव्हता. शिवाय पाच माणसांच्या कुटुंबाला किती आणि एकट्याला किती, खरी गरज कोणाची आणि सांगितलेली कोणाची, हे ठरविणे अवघड. ज्यांनी कचेरीत अनुदानाचे अर्ज तपासले आहेत त्यांना या अडचणीची कल्पना येईल. देणाराही संकोचतो आणि घेणाराही.

येथे आम्हांला स्वतःविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. नोकरीच्या दहाव्या वर्षी, एका कार्यालयात, एका कनिष्ठ सहकाऱ्यावर उघड अन्याय होत असताना आम्ही त्या टिपणावर मुकाट्याने सही केली. शिक्षेचे भय म्हणावे तर तेही फारसे नव्हते. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुले लहान, वाण्याची उधारी दोन महिन्यांची. सही करताना डोळ्यांपुढे कायदा नव्हता, घरातले धान्याचे डबे होते. त्या दिवशी कोणी येऊन, तुमच्या घरच्यांच्या जेवणाची काळजी आम्ही वाहतो, असा शब्द दिला असता तर आम्ही वेगळे वागलो असतो की नाही, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण असा शब्द मिळालेला माणूस आणि न मिळालेला माणूस यांत फरक असतो एवढे आम्हांला पक्के ठाऊक आहे. कॅलनबाख यांनी तो शब्द दिला, म्हणून त्यांचे मोल आम्हांला अधिक वाटते.

सर्व कुटुंबांना एकत्र ठेवावे, सर्वांनी मिळून कष्ट करावे व एका पंगतीत जेवावे, असा उपाय निघाला. नाताळमधील फिनिक्सची वसाहत होतीच, पण ती जोहान्सबर्गपासून ३०० मैलांवर. तीस तासांचा प्रवास. तुरुंगातून सुटलेल्याला तेथे धाडणे आणि पुन्हा सत्याग्रहासाठी आणणे परवडणारे नव्हते. कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर, लॉले स्थानकाजवळ, सुमारे १,१०० एकर जमीन खरेदी केली आणि ३० मे १९१० रोजी ती सत्याग्रहींच्या कुटुंबांना वापरण्यासाठी दिली. भाडे नाही, खंड नाही, कसलाही आकार नाही. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म ठेवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात टॉलस्टॉय वारले. त्यापूर्वी या वाडीची वार्ता पत्राने त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

जमिनीवर सुमारे हजार फळझाडे होती: संत्री, जर्दाळू, प्लम. टेकडीच्या पायथ्याशी पाच-सहा माणसे राहतील एवढे एक घर, दोन विहिरी आणि एक झरा. झरा वस्तीपासून ५०० यार्डांवर असल्यामुळे पाणी कावडींनी वाहून आणावे लागे. बाकीची घरे उभारायची होती. तोपर्यंत माणसे तंबूंत राहिली. बांधकामावर देखरेख अर्थातच कॅलनबाख यांची. लोखंडी पत्र्यांची लांबट घरे झाली. स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी. शिवाय शाळा, सुतारकाम व चांभारकाम यांसाठी जागा. शहरातील धनिकांचे बंगले आखणाऱ्या या माणसाने आखलेल्या सर्व वास्तूंत ही पत्र्याची घरे सर्वांत स्वस्त असावीत.

वस्तीत सुमारे चाळीस तरुण, दोन-तीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीस ते तीस मुले होती. अटका आणि सुटका यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होत असे. गुजराती, तमिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी; धर्माने हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. या यादीत मराठी मंडळींचा निर्देश आम्हांला आढळत नाही, हेही प्रांताभिमान बाजूला ठेवून नमूद केले पाहिजे. नोकर एकही नव्हता. स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंत सर्व कामे राहणाऱ्यांनीच करायची. मैला व केरकचरा चरांत पुरून त्याचे खत केले जाई आणि तेच मळ्याला मिळे.

मळ्याचे काम कॅलनबाख यांच्या विशेष आवडीचे. एका सरकारी नमुना बागेत त्यांनी थोडा अनुभव घेतला होता, त्याचा येथे उपयोग झाला. स्वयंपाकघरात ज्यांची पाळी नसेल त्यांनी, लहानांनी आणि मोठ्यांनीही, दररोज काही वेळ मळ्यात काम करायचे असा नियम होता. खड्डे खणणे, लाकडे तोडणे, ओझी वाहणे यांत मुलांचाच वाटा मोठा. मुले कधी कंटाळत, कामचुकारपणाही करीत. पण उघड्यावरच्या कामाने त्यांची प्रकृती सुधारली आणि वस्तीत आजारपण फारसे उरले नाही. शहराच्या दाटीवाटीच्या वस्तीत वाढलेल्या, बाप तुरुंगात असलेल्या मुलाला झाडावरचे संत्रे हाताने तोडून पोटभर खाता यावे, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही. फळांच्या हंगामात सगळ्यांनी मनमुराद खाऊनही फळे उरत. उरलेल्या संत्र्यांचा मुरंबा करीत.

सकाळी सहाला पाव आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी, अकराला भात, वरण, भाजी, सायंकाळी साडेपाचला गव्हाची लापशी व दूध, किंवा पुन्हा पाव आणि कॉफी. भरडण्यासाठी लोखंडी हातजाते आणले होते. कोंडा न काढलेल्या पिठाचा पाव वस्तीतच भाजला जाई. स्वयंपाकघर एकच. मांसाहाराचा प्रश्न नाजूक होता. ज्यांना हवे असेल त्यांना मांस देण्याची गांधीजींची तयारी होती, कारण तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांवर आपला आहार लादणे त्यांना योग्य वाटत नव्हते. ख्रिस्ती व मुसलमान भगिनींनी आपण होऊन शाकाहार मान्य केला. रमजानात मुसलमान मुले रोजे ठेवीत तेव्हा इतर मुलेही त्यांना सोबत म्हणून एकभुक्त राहात. दान घेणाऱ्याच्या आवडीनिवडीची इतकी कदर करणारे अन्नछत्र आमच्या पाहण्यात नाही.

कॅलनबाख हे सर्व दुरून पाहात नव्हते. जमीन त्यांची, पण राहणी इतरांचीच. शहरात त्यांचा व्यवसाय चालू होता. खासगी कामासाठी जोहान्सबर्गला जाणाऱ्याने पायी जावे असा वस्तीचा नियम होता. पहाटे दोनला निघून सहा-सात तासांत २१ मैल पार करायचे, बरोबर घरचा पाव, शेंगदाण्याचे लोणी आणि संत्र्याचा मुरंबा. सर्वांत जलद चालणाऱ्याने हे अंतर ४ तास १८ मिनिटांत तोडल्याची नोंद आहे. वस्तीला पायताणे हवीत म्हणून कॅलनबाख मरियनहिल येथील ट्रॅपिस्ट ख्रिस्ती साधूंच्या मठात जाऊन चपला करणे शिकून आले, आणि परत आल्यावर त्यांनी ती विद्या गांधीजींना व इतरांना शिकविली. सुतारकाम त्यांना येतच होते. त्याचा वर्गही त्यांच्याकडे.

ते गांधीजींचे भक्त होते, पण होयबा नव्हते. वस्तीतील काही मुले वांड व बिघडलेली होती. त्यांच्यात गांधीजींनी आपल्या मुलांना मिसळू द्यावे हे कॅलनबाख यांना पटले नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. गांधीजींनी आपला हट्ट सोडला नाही ही गोष्ट वेगळी. सापांची हकीकत मोठी मनोरंजक आहे. माळावर साप पुष्कळ. कॅलनबाख यांनी सापांवरची पुस्तके मिळवून अभ्यास केला, विषारी व बिनविषारी ओळखण्यास सर्वांना शिकविले आणि एक नाग माणसाळविण्याचाही प्रयोग केला. पुढे एकदा त्यांच्याच खोलीत, हाकलताही येईना आणि धरताही येईना अशा जागी, साप निघाला तेव्हा मात्र गांधीजींनी त्याला मारण्याची परवानगी दिली.

अशा या वाडीवर गोखले आले. मधुमेहाने त्यांची प्रकृती आधीच खालावलेली. लॉले स्थानकापासून दीड मैल चालावे लागले, वाटेत पाऊस लागला आणि त्यांना सर्दी झाली. त्यांची व्यवस्था कॅलनबाख यांच्या खोलीत केली होती. स्वयंपाकघर लांब असल्यामुळे तेथून आणलेले जेवण निवून जाई. वस्तीत सर्वजण जमिनीवर झोपत. पाहुण्यांसाठी खाट आणविली होती, पण बाकीचे खाली झोपतात हे कळताच गोखल्यांनी ती काढावयास लावली व आपलेही अंथरूण जमिनीवर घातले. गांधीजी पाय चेपू लागले तर त्यांनी साफ नाकारले, आणि हाल सोसण्याचा मक्ता तुम्हीच घेतला आहे काय, अशा अर्थाचे खडे बोलही ऐकविले. यजमान आणि पाहुणा यांच्या या ओढाताणीत कॅलनबाख यांची अवस्था काय झाली असेल! दौरा संपल्यावर गांधीजींबरोबर तेही झांझिबारपर्यंत गोखल्यांना पोहोचवावयास गेले.

१९११ मध्ये तात्पुरता समेट झाल्यावर वस्तीतील माणसे हळूहळू पांगली होती. १९१३ च्या जानेवारीत उरलेली मंडळी फिनिक्सला गेली आणि टॉलस्टॉय फार्म बंद झाले. उणीपुरी अडीच वर्षे. पण त्याच वर्षी लढा पुन्हा पेटला. तीन पौंडांचा कर आणि हिंदी विवाह बेकायदा ठरविणारा न्यायालयाचा निर्णय ही कारणे. नाताळमधील खाणमजूर संपावर गेले आणि ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास पायी निघाली. त्यांना जावयाचे होते ते याच टॉलस्टॉय फार्मवर. वाटेतच त्यांना अडवून परत धाडण्यात आले. या कूचाच्या व्यवस्थेत कॅलनबाख पुढे होते. गांधीजी, पोलाक आणि कॅलनबाख तिघांनाही फोक्सरस्ट येथे तीन महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबरात त्यांची सुटका झाली. ज्यांच्या कुटुंबांसाठी त्यांनी जमीन दिली, त्यांच्याच वाटेने ते अखेर तुरुंगातही गेले.

१८ जुलै १९१४ रोजी गांधीजी व कस्तुरबा यांच्यासह ते इंग्लंडला निघाले. तेथून हिंदुस्थानात येऊन आश्रमात राहण्याचा त्यांचा निश्चय होता. कॅलनबाख यांना दुर्बिणींचा शौक. बोटीवर यावरून रोज वाद होई. शेवटी एके दिवशी, भांडण्यापेक्षा ती फेकून द्यावी असे ठरले आणि सात पौंडांची दुर्बीण समुद्रात गेली. बोट इंग्लंडला पोहोचते तोच महायुद्ध सुरू झाले. जर्मन म्हणून ते शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. गांधीजींनी पुष्कळ खटपट केली, पण हिंदुस्थान सरकारने परवानगी दिली नाही. सरकारी नकाराचे कागद आम्ही आयुष्यभर हाताळले आहेत. एका ओळीच्या शेऱ्याने माणसाची किती वर्षे जातात हे त्या कागदावर कधी दिसत नाही. १९१५ मध्ये कॅलनबाख यांना आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यात आले, १९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते जर्मनीस गेले, आणि १९२० मध्ये दक्षिण आफ्रिकेस परतून पुन्हा इमारती बांधू लागले.

दोघांची भेट झाली ती १९३७ च्या मे महिन्यात, गुजरातेत वलसाडजवळच्या तिथल येथे. मध्ये जवळजवळ तेवीस वर्षे लोटली होती. तेथून ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढे ज्याचे सेवाग्राम झाले त्या आश्रमात, येऊन राहिले. आश्रमवासीयांसारखाच वेष, तेच जेवण. विदर्भाच्या मातीत त्यांनी काढलेले हे दिवस आमच्या नागपूरकर सभासदांना ठाऊक नसल्यास आम्हांला नवल वाटणार नाही. १९३९ मध्ये ते पुन्हा आले. पण आता त्यांच्या मनावर मोठे ओझे होते. जर्मनीत हिटलरने ज्यूंचा छळ मांडला होता. स्वतः कॅलनबाख पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची भूमी व्हावी या मताकडे झुकले होते. गांधीजींनी १९३८ च्या नोव्हेंबरात लेख लिहून त्या मागणीस पाठिंबा नाकारला आणि जर्मनीतील ज्यूंना अहिंसक प्रतिकाराचा मार्ग सुचविला. अहिंसा कॅलनबाख यांना बुद्धीने मान्य होती, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे आपल्याकडून होणार नाही, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. आणि गांधीजींनी ते नाव न देता जाहीरपणे लिहिलेही. स्नेह तुटला नाही. मतभेदही मिटला नाही.

२०१२ मध्ये भारत सरकारने या मैत्रीची कागदपत्रे लिलावापूर्वी विकत घेतली आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. त्या सुमारास आमची नेमणूक दिल्लीस होती. एका शनिवारी सकुटुंब जाऊन आम्ही ती काचेआडची पत्रे पाहून आलो. ज्या गृहस्थांना एके काळी या देशाच्या सरकारने दारातून परत पाठविले, त्यांचे कागद आता सरकारी इतमामाने जपले जात आहेत. मुलीने विचारले, हे कोण? तिला सांगण्यासाठी जी टिपणे काढली, त्यांतूनच हा लेख झाला.

२५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्ग येथे हर्मन कॅलनबाख यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुढे गॅलिली सरोवराकाठच्या देगानिया येथे नेऊन ठेवण्यात आल्या. देगानिया ही ज्यू तरुणांनी एकत्र कसलेली, एका पंगतीत जेवणारी सामुदायिक शेतवस्ती. तिची स्थापनाही टॉलस्टॉय फार्मप्रमाणे १९१० चीच.